जीपचे दिवे दर पावसाळ्यात मंदावतात आणि फ्यूज पुन्हा पुन्हा वितळतो: दोष नेमका कुठे शोधावा

माझ्याकडे १९९१ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. इंजिन प्यूजोच्या आराखड्याचे, एक्सडीपी ४.९० डिझेल, २,११२ सीसीचे. विद्युतयंत्रणा १२ व्होल्टची. गाडी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते आणि तिथून खाडी पायी दहा मिनिटांवर आहे. खाडीचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण पुढील दोषात खाऱ्या, दमट हवेचा वाटा मोठा आहे.

तक्रार अशी होती. पहिला जोराचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत हेडलाइट पिवळट होत. डिपर मारला की क्षणभर दोन्ही दिवे विझत. अर्धा-पाऊण तास दिवे लावून गाडी चालवली की हेडलाइटचा १५ अँपिअरचा काचेचा फ्यूज जाई, आणि नवा बसवला की तोही पुन्हा तितकाच वेळ टिके. ब्रेक दाबला की मागचे पार्किंग दिवे मिणमिणत आणि समोरच्या उजव्या दिव्यातही अंधूक उजेड येई. थंड इंजिनाला सेल्फ मारताना एक्सलरेटरच्या केबलचे आवरण गरम लागे. हे शेवटचे लक्षण मी दोन वर्षे गंभीरपणे घेतलेच नाही. ही केबल इंजिनाजवळून जाते, तेव्हा गरम होणारच, असे मी गृहीत धरले. इंजिन थंड असताना ती गरम का व्हावी, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

चार वर्षांत तीन ठिकाणी काम करून घेतले. एकाने दोन्ही बल्ब आणि रिफ्लेक्टर बदलले, दुसऱ्याने लाइटचा स्विच बदलला, तिसऱ्याने अल्टरनेटर खोलून बेअरिंग आणि कार्बन ब्रश नवे घातले. प्रत्येक वेळी महिनाभर सगळे ठीक चाले. याचे कारण आता कळते: प्रत्येकाने काम करताना कुठले ना कुठले जोड हलवले, घासले, आवळले, आणि त्या घासण्यानेच तात्पुरता गुण आला. श्रेय मात्र नव्या सुट्या भागाला मिळाले. चौथ्याने तर फ्यूजच्या काचेभोवती तांब्याची तार गुंडाळून दिली आणि आता जाणार नाही म्हणून खात्री दिली. फ्यूज खरोखरच गेला नाही. त्याऐवजी फ्यूजपेटीचे बेकलाइट काळे पडले. असा उपाय कोणी केला असेल, तर हा मजकूर पुढे वाचण्याआधी ती तार काढून टाकावी.

डिझेल जीपमध्ये असे दोष वर्षानुवर्षे दबून राहतात, कारण यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचूनही चालते. पेट्रोलच्या गाडीत इग्निशनला कमी व्होल्टेज मिळाले की गाडी लगेच ठसकते आणि मालकाला जाग येते. आमच्या गाड्या मात्र सगळे वायरिंग सडले तरी मुरबाडपर्यंत जाऊन येतात.

प्रथम फ्यूज पाहावा, पण फेकू नये

गेलेला फ्यूज पुष्कळ काही सांगतो. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर कुठेतरी थेट शॉर्ट आहे. तार मधोमध शांतपणे वितळून तुटली असेल, तर प्रवाह मर्यादेपेक्षा थोडा जास्त आणि बराच वेळ वाहत असावा. माझे सातही फ्यूज, जे मी सुदैवाने डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवले होते, एकाच पद्धतीने गेले होते: तार टोकाशी, धातूच्या टोपीजवळ सुटलेली, आणि टोपीतले कथील वितळून खाली आलेले. याचा अर्थ उष्णता फ्यूजच्या आत निर्माण झालेली नव्हती, बाहेरून आली होती. ज्या पितळी चिमट्यात फ्यूज बसतो तो सैल आणि काळवंडलेला होता, आणि तापत होता तोच.

हिशेबही हेच सांगत होता. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला सुमारे ४.६ अँपिअर घेतो, म्हणजे दोन मिळून ९.२. एवढ्या प्रवाहाला १५ अँपिअरचा फ्यूज जाण्याचे कारण नाही. मग मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालून काय साधणार होते? तापणारा चिमटा तसाच तापत राहिला असता.

मोजमाप

मी वागळे इस्टेटमध्ये पॅनेल वायरिंगच्या कामात पंचवीस वर्षे काढली आहेत. कारखान्यात मोजल्याशिवाय एक स्क्रूही न फिरवणारा मी, घरच्या गाडीला मात्र दुसऱ्यांच्या अंदाजावर सोडून होतो, हे कबूल करताना थोडी लाज वाटते.

इथे बहुतेकांची एक चूक होते. ते मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून तार तपासतात, बीप वाजला की तार चांगली म्हणतात आणि पुढे जातात. वीस पदरांच्या तारेतला एकच पदर शिल्लक असला तरी बीप वाजतोच. मीटर त्या तारेतून अगदी नगण्य प्रवाह सोडतो, तर हेडलाइटला नऊ अँपिअर लागतात. म्हणून तपासणी प्रत्यक्ष भार चालू असताना करायची, आणि मोजायचे ते व्होल्टेजची गळती: दिवे चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर आणि दुसरे बल्बच्या होल्डरमधील धन पिनेवर ठेवावे. मीटर जो आकडा दाखवील, तेवढे व्होल्ट वाटेत खर्ची पडत आहेत. नंतर एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे होल्डरच्या अर्थच्या (म्हणजे प्रवाह बॅटरीच्या ऋण खुंटीकडे परत नेणाऱ्या जोडणीच्या) पिनेवर ठेवून परतीच्या वाटेचा खर्च काढावा.

माझ्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते आणि बल्बवर जेमतेम १०.६. गेलेल्या साडेतीन व्होल्टपैकी १.९ जाण्याच्या वाटेवर आणि १.६ परतीच्या वाटेवर खर्च होत होते. तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून पुष्कळ वेगाने उतरतो. व्होल्टेज वीस टक्क्यांनी घटले की प्रकाश निम्म्याखाली येतो. म्हणजे शंभर वॅटचे बेकायदा बल्ब घालण्याचा जो सल्ला मला मिळाला होता, त्याने तारा अधिक तापल्या असत्या आणि उजेडात विशेष फरक पडला नसता.

शिवाय ते १.९ व्होल्ट कुठे जात होते, याचाही विचार करावा. १.९ गुणिले ९ म्हणजे साधारण १७ वॅट. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॅटची असते. तिच्या निम्म्याहून अधिक उष्णता माझ्या डॅशबोर्डमागे, स्विच, फ्यूजचा चिमटा आणि दोन बुलेट कनेक्टर यांच्यात वाटली जाऊन तासन्‌तास मुरत होती.

परतीची वाट

आता खऱ्या दोषाकडे येतो. जीपचे इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसते. बॉडीचा टपही (छप्पर नव्हे, बसण्याचा पत्र्याचा मुख्य भाग) चॅसीवर रबराच्या तुकड्यांवर बसतो. मडगार्ड टपाला बोल्टने जोडलेले असते आणि दिवा मडगार्डला. बॅटरीची ऋण तार चॅसीला जाते. म्हणजे दिव्यातून निघालेल्या प्रवाहाला बॅटरीकडे परतायला मडगार्ड, बोल्ट, टप, टपाचे बोल्ट आणि चॅसी एवढे टप्पे ओलांडावे लागतात, आणि सेल्फच्या प्रचंड प्रवाहाला इंजिनातून चॅसीकडे येण्यासाठी तांब्याच्या विणलेल्या पट्टीचाच आधार असतो.

मी गाडीचे डेंटिंग-पेंटिंग करून घेतले होते. काम देखणे झाले. मडगार्ड सुटे करून प्रत्येक भाग आतून-बाहेरून रंगवला, बोल्टची भोकेसुद्धा. सगळा त्रास त्यानंतरच्या पावसाळ्यापासून सुरू झाला, पण रंगकाम आणि विद्युतदोष यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. रंग म्हणजे विद्युतरोधक. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा संपर्क शिल्लक राहिला होता तेवढ्यावर दिवे चालत होते, आणि पहिल्या पावसात तिथे गंज चढला की तेही संपे.

ब्रेक दाबल्यावर भलतेच दिवे लागण्याचे कोडेही इथेच सुटते. मागच्या दिव्यातील बल्बमध्ये दोन तंतू असतात, २१ वॅटचा ब्रेकचा आणि ५ वॅटचा पार्किंगचा, आणि दोघांचे अर्थ एकच असते. ते तुटले की ब्रेकच्या तंतूतून आलेला प्रवाह पार्किंगच्या तंतूतून उलटा शिरतो, पार्किंगच्या तारेने दुसऱ्या दिव्यांपर्यंत जातो आणि त्यांच्या शाबूत अर्थमधून परततो. ब्रेकला पार्किंग, इंडिकेटरला ब्रेक, हॉर्नला डॅशबोर्ड असा कोणताही अनाकलनीय आंतरजातीय प्रकार दिसला, तर स्विचकडे न पाहता प्रथम अर्थ पाहावे.

आणि ती गरम केबल? इंजिन आणि चॅसी यांच्यामधली पट्टी एका टोकाला केवळ चार-पाच पदरांवर लोंबत होती. डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना काहीशे अँपिअर ओढतो. सरळ वाट बंद झाली, तेव्हा त्या प्रवाहाचा काही भाग एक्सलरेटरच्या पोलादी केबलीतून वाट काढत होता. सेल्फ मारताना बॅटरीची ऋण खुंटी आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मला २.३ व्होल्ट मिळाले. अर्ध्या व्होल्टच्या वर काहीही मिळाले तर पट्टी बदलायलाच हवी. नवी पट्टी घातल्यावर तोच आकडा ०.२ वर आला, आणि बॅटरी अशक्त झाली आहे असे जे मी समजत होतो, ती बॅटरी पुढे आणखी दीड वर्ष चालली.

हार्नेस नव्याने बांधताना

केवळ अर्थ सुधारून माझे निम्मे काम झाले असते. पण जुना हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या तारांचा बांधलेला जुडगा, खोलून पाहिल्यावर तो ठेवण्याची इच्छा राहिली नाही. टेपचा डिंक उन्हाने पाघळून तारांवर चिकटा झाला होता, मधे घरगुती वायरचे तुकडे पिळून जोडलेले होते, आणि कनेक्टरपासून वीतभर आतपर्यंत तांबे हिरवे-काळे पडलेले होते. ओल उघड्या टोकातून पदरांच्या फटींमधून आत चढते, त्यामुळे टोक छाटून नवे थिंबल (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावण्याने भागत नाही.

ब्रिटिश परंपरेच्या लुकास पद्धतीत रंगांना ठरलेला अर्थ असतो: तपकिरी म्हणजे बॅटरीहून थेट, पांढरा इग्निशननंतरचा, हिरवा इग्निशन आणि फ्यूज यांच्या पुढचा, निळा हेडलाइटचा, लाल पार्किंगचा, काळा अर्थचा. तीस वर्षांत इतके हात फिरले होते की माझ्या गाडीत रंगावर विसंबणे धोक्याचे होते. हॉर्नला पांढरी तार आणि एका इंडिकेटरला काळी! म्हणून मी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना पॅनेलच्या कामातले आकडी फेरूल (क्रमांक छापलेल्या छोट्या नळ्या) चढवले आणि वहीत नोंद केली. मास्किंग टेपवर पेनाने लिहू नये. ठाण्याच्या हवेत आठवड्यात शाई फुटते.

जुना हार्नेस अखंड बाहेर काढून प्लायवूडच्या फळीवर पसरला, त्याची बाह्यरेषा मार्करने काढली, वळणांवर खिळे ठोकले आणि नव्या तारा त्याच वाटेने ओढल्या. प्रत्येक फाट्याला सात-आठ सेंटिमीटर लांबी जादा ठेवली. ही फळी सहा शनिवार-रविवार आमच्या हॉलमध्ये उभी होती, आणि घरातल्यांनी दाखवलेला संयम माझ्यापेक्षा अधिक होता.

तारेची जाडी ठरवताना प्रवाह आणि लांबी दोन्ही पाहावी लागतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम असतो आणि अडीचचा ७. तीन मीटरच्या वाटेवर ९.२ अँपिअर वाहू दिले, तर पहिल्या तारेत ०.३ व्होल्टहून अधिक आणि दुसरीत ०.२ हून कमी गळती होते. मी हेडलाइट आणि हॉर्नला अडीच, पार्किंग व इंडिकेटरला एक, अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत दहा चौरस मिलिमीटर घेतली. हीटर प्लगची (थंड डिझेल इंजिन सुरू करण्याआधी तापवणाऱ्या प्लगची) तारही दहाचीच घेतली, कारण चार प्लग मिळून क्लॅम्प मीटरवर ४० अँपिअरच्या पुढे गेले होते आणि आधीच्या कारागिराने तिथे अडीचची तार घातली होती. तार वाहनासाठी बनवलेलीच घ्यावी. घरगुती वायरचे पीव्हीसी आवरण साधारण ७० अंश सेल्सिअसचे असते, आणि इंजिनाजवळ तेवढ्यावर भागत नाही.

सोल्डर (कथिलाने जोडणे) की क्रिम्प (पकडीने दाबून बसवणे), यावर जुन्या कारागिरांशी माझा वाद होतो. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळचे एक उस्ताद, ज्यांच्या हातच्या कामाला मी मानतो, त्यांनी मला सरळ विचारले, “साहेब, कथील लावल्याशिवाय जोड पक्का कसा होणार?” पॅनेलमध्ये, जिथे काही हलत नाही, तिथे त्यांचे म्हणणे योग्य ठरेल. पण वितळलेले कथील पदरांमधून वर चढते आणि तारेचा तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. तो जिथे संपतो, नेमकी तिथे हादऱ्याने तार तुटते. येऊरच्या चढावर किंवा गायमुखच्या खड्ड्यांत जी गाडी नाचते, तिला रॅचेटच्या पकडीने दाबलेले थिंबल आणि त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह हेच योग्य वाटते. प्रत्येक जोड दाबल्यानंतर जोर लावून ओढून पाहावा. माझे पहिल्या दिवशीचे अकरांपैकी चार निघून हातात आले.

हेडलाइटसाठी दोन रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) घातले, एक अपरसाठी, एक डिपरसाठी. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला बॅटरीहून फ्यूजमार्गे येणारी जाड तार, ८७ वरून दिव्याकडे, आणि ८५-८६ या कॉइलच्या पिनांना स्विचची जुनी तार व अर्थ. कॉइलला अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह लागतो, त्यामुळे स्विचवरचा सगळा ताण गेला. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा, कारण तो तारेचे रक्षण करण्यासाठी असतो, दिव्याचे नव्हे; आणि डाव्या-उजव्या दिव्यांना वेगवेगळे फ्यूज द्यावेत, म्हणजे घाटात एक गेला तरी दुसरा दिवा राहतो. जुन्या सीजे-३बी जीपमध्ये डिपर पायाने दाबायचा असतो आणि तो फरशीवर चिखलपाण्यात बसतो. त्या मालकांना रिलेचा लाभ माझ्यापेक्षाही जास्त होईल.

अर्थसाठी बॉडीवर विसंबणे मी पूर्णपणे सोडले. प्रत्येक दिव्यातून स्वतंत्र काळी तार आणली. समोरच्या तारा रेडिएटरच्या चौकटीजवळील एका पितळी पट्टीवर, मागच्या चॅसीच्या शेवटच्या आडव्या पट्टीवरील दुसऱ्या पट्टीवर आणि तिथून एक जाड तार थेट बॅटरीच्या ऋण खुंटीवर. जिथे पट्टी चॅसीला बसते तिथला रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढला, दातेरी वॉशर घातला, आवळले आणि मगच वरून व्हॅसलीन फासले. क्रम उलटा करू नये.

अँमीटरविषयी, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या काट्याविषयी, एक सूचना. माझ्या डॅशबोर्डवर जुना अँमीटर आहे, आणि हीटर प्लग आणि सेल्फ सोडले तर गाडीचा सगळा प्रवाह त्याच्या मागच्या दोन खुंट्यांमधून फ्यूजशिवाय जात होता. एक नट सैल झाला, की तीच जागा ठिणग्यांची. मी तो दिसायला तसाच ठेवला, पण त्याच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना जोडल्या, तो जोड इन्सुलेट केला आणि शेजारी छोटा व्होल्टमीटर बसवला. काटा आता शून्यावर स्वस्थ असतो. जुन्या गाड्यांच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या एका मित्राने यावर नाक मुरडले. मी त्याला बेकलाइटचा तो काळा तुकडा दाखवला.

बॅटरी पुन्हा जोडताना थेट जोडू नये. ऋण खुंटी आणि तिची तार यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब धरावा. सगळे स्विच बंद असताना बल्ब लागला, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि तार जळण्याआधी ते कळते. नंतर तिथेच मल्टीमीटर मिलिअँपिअरवर लावून सगळे बंद असतानाची प्रवाहाची गळती पाहावी. ज्या जीपमध्ये रेडिओ किंवा घड्याळ नाही, तिथे ती जवळपास शून्य हवी. माझ्याकडे १८० मिलिअँपिअर आली, आणि अल्टरनेटरची जाड तार सोडताच शून्य झाली: आतला एक डायोड गळत होता. ज्या अल्टरनेटरचे बेअरिंग आणि ब्रश बदलण्याचे पैसे मी दिले होते, तोच हा.

काम एप्रिलमध्ये संपले. जूनच्या शेवटी विटाव्याच्या पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली, आणि घरी येऊन रात्रीच पुन्हा मोजले: बॅटरीवर १४.१, डाव्या बल्बवर १३.६, उजव्यावर १३.५. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजले तेव्हा उजव्याचा आकडा १३.४ झाला होता. होल्डरची अर्थची पिन किंचित काळी होती, ती घासली.

सध्या एकच तक्रार उरली आहे. वायपर मुसळधार पावसात रेंगाळतो. मोटरीवर १३.७ व्होल्ट पोहोचतात, जाण्या-येण्याची एकूण गळती ०.४ आहे, म्हणजे वायरिंगला हात लावण्याचे कारण नाही. दांड्याच्या बुशिंगमधले ग्रीस सुकले असावे. येत्या रविवारी ते खोलणार आहे.